आधी नाव नीट लिहा: शाळेतल्या मुलांना जवानांची आठवण ठेवायला शिकवताना

सन्मानचिन्हावर नाव चुकलं होतं. सात-आठ वर्षं झाली असतील, कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम होता, आम्ही एका वीरमातेला बोलावलेलं, शाल झाली, श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या, आणि ते चिन्ह हातात दिल्यावर त्या माऊलींनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि हळूच मला म्हणाल्या, "बाई, आमच्या पोराचं आडनाव असं नाही लिहीत." एक अक्षर चुकलेलं. मागे स्टेजवर सातवीची पोरं मिलिटरीचे कपडे भाड्याने आणून, गालाला लाल रंग फासून नाचायला तयार उभी होती. खाली बसलेल्या पोरांपैकी कुणालाही विचारलं असतं की आज आपण कोणासाठी जमलोय, तर नाव सांगता आलं नसतं, आणि खरं सांगायचं तर सूत्रसंचालन करताना मलाही दोनदा चिठ्ठी बघावी लागली होती.

तेव्हापासून तो नाच बंद केला आणि हळूहळू दुसरी पद्धत बसवत गेले. मी कोपरखैरणेत सातवी-आठवीला इतिहास शिकवते. खाली लिहिलंय ते माझ्या वर्गात चाललेलं आहे, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे करावं लागेल. पैसे जवळजवळ लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. शाळा जूनच्या मध्यात उघडते आणि २६ जुलैला कारगिल दिवस असतो, म्हणजे हातात पाच-साडेपाच आठवडे मिळतात, आठवड्याला एक तास काढला तरी पुरतं. आदल्या आठवड्यात घाईने करायला गेलात तर परत भाषण आणि नाचच होणार, लिहून घ्या.

पहिला आठवडा: नाव घरून आणायचं

पहिल्या तासाला मी काहीच शिकवत नाही. फळ्यावर एक प्रश्न लिहिते: तुमच्या घरात, भावकीत, गावात, चाळीत किंवा सोसायटीत मिलिटरीत कोण होतं किंवा आहे? उत्तर घरून विचारून आणायचं, गूगल करायचं नाही.

आमच्याकडे कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या पट्ट्यात माथाडी कामगारांची घरं भरपूर आणि त्यातली निम्मीअर्धी मूळची सातारा-सांगलीकडची, त्यामुळे मला वाटलं होतं चार-पाच हात वर होतील तर दुसऱ्या दिवशी चौदा पोरं नाव घेऊन आली. कुणाचे चुलत आजोबा, कुणाच्या मामाचा मित्र, एकाच्या पणजोबांचा फोटो गावच्या घरात देव्हाऱ्याशेजारी लावलेला पण ते कुठल्या लढाईत गेले ते घरात आता कुणालाच माहीत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले. हे वर्गात सांगितलं की साताऱ्याची पोरं एकदम ताठ बसतात.

चिठ्ठीत पाचच गोष्टी मागायच्या: पूर्ण नाव, गाव, पद, रेजिमेंट किंवा युनिट, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. घरात डिस्चार्ज बुक असेल तर त्यात हे सगळं असतं, पण पुस्तक शाळेत आणायला सांगू नका, हरवलं तर पेन्शनच्या कामात त्या कुटुंबाचे हाल होतील. फोनवर फोटो काढून आणला तरी बास.

पद लिहिताना एक गंमत दरवर्षी होते. लष्करात सुरुवात होते 'शिपाई' या पदापासून, मग नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार असं वर जातं, आणि शिपाई म्हटल्यावर पोरं खिदळतात कारण त्यांच्यासाठी शिपाई म्हणजे घंटा देणारे आमचे मामा. हसू द्या. मग सांगा की सीमेवर सगळ्यात पुढे हाच असतो. एका वर्षी तर मामांनीच मधे पडून सांगितलं की आमच्या गावचे अमुकतमुक मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावला ट्रेनिंग झालं, आणि त्या दिवसापासून पोरांचा मामांकडे बघायचा रोखच बदलला.

ज्यांच्याकडे कुणीच नाही त्यांचं काय? ही मुलं बाजूला पडता कामा नयेत, त्यात बाहेरच्या राज्यातली असतात, ज्यांचं गाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय अशीही असतात. त्यांच्यासाठी मी परमवीर चक्र मिळालेल्या २१ जणांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवते, ज्याच्या हाताला जे नाव लागेल ते त्याचं. त्यात खेमकरणजवळ जीपवरच्या तोफेने रणगाडे उडवणारे अब्दुल हमीद आहेत, झारखंडच्या आदिवासी घरातले अल्बर्ट एक्का आहेत, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे पारशी कर्नल तारापोर आहेत, मुंबईत जन्मलेले आणि महार रेजिमेंटमधून श्रीलंकेत लढताना १९८७ ला गेलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आहेत. एकाही वाक्याचं भाषण न देता पोरांना कळतं की यादीत सगळ्या प्रकारची आडनावं आहेत.

एक सावधगिरी. वर्गात कुणाचे वडील आत्ता ड्युटीवर असतील तर त्या घराशी आधी बोला. माझ्या वर्गात एक मुलगी होती, पप्पा जम्मूला, ती आठवडाभर गप्प होती आणि मला वाटलं अभ्यास नको म्हणून असेल. आईचा फोन आला तेव्हा कळलं की पोरगी रात्री झोपत नाहीये. आता मी आधी त्या पालकांना विचारते आणि त्या मुलाला जिवंत माणसाचं नाव घ्यायला सांगते, स्वतःच्या वडिलांचं घेतलं तरी चालेल, ते काय खातात, सुट्टी कधी, फोन कधी लागतो हे लिहायचं.

दुसरा आठवडा: नाव पक्कं करायचं

घरून आलेली माहिती अर्धवट असते आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली तर बहुतेक वेळा चुकीचीच. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला उद्घाटन झालं, तिथल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावं कोरलेली आहेत. स्मारकाच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. शौर्य पदकांची सरकारी वेबसाइट वेगळी आहे, तिथे पदक कशासाठी मिळालं तो मजकूर मिळतो. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चार-चार पोरांना बसवा आणि इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघायला सांगा, कारण आपली आडनावं इंग्रजीत कशीही लिहिलेली असतात. नाव सापडल्यावर पोरांचा चेहरा बघण्यासारखा असतो. नाही सापडलं तर तसं वहीत लिहायचं, स्वतःच्या मनाने भर घालायची नाही.

याच तासाला एक गोंधळ मिटवून टाका. पोरं सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात, भगतसिंगांपासून कारगिलपर्यंत. मी फळ्यावर तीन रकाने करते. ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं सेंट्रल जेल, तिथे १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरेंना फाशी झाली, ते क्रांतिकारक. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे, ते पोलीस. त्याच हल्ल्यात ताजमध्ये गेलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन, ते लष्करातून एनएसजीत, म्हणजे दहशतवाद्यांशी लढणाऱ्या कमांडो दलात आलेले. तिघांचाही मान आहेच, पण कोण कोणत्या कामात गेला हे नीट सांगता येणं हाही मान देण्याचाच भाग आहे.

शब्दांचंही तसंच. आपण सर्रास 'शहीद' म्हणतो, पण लष्कर अधिकृतपणे तो शब्द वापरत नाही. मराठीत वीरमरण आलं, धारातीर्थी पडले असे आपले शब्द आहेतच. मी पोरांना शहीद म्हणायला बंदी करत नाही, घरी आजी तसंच म्हणते, फक्त लिहिताना 'वीरमरण' लिहायला लावते.

तिसरा आठवडा: एकच गोष्ट, पण पूर्ण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दहा जणांची दहा-दहा ओळींची माहिती देण्यापेक्षा एकाची गोष्ट नकाशा लावून पूर्ण तास सांगा. मी नाईक यशवंत घाडगेंपासून सुरू करते कारण ते आपल्या जवळचे. माणगाव तालुक्यातलं पळसगाव, पनवेलवरून गोवा हायवेने शंभरेक किलोमीटर, कोकणात जाणाऱ्या निम्म्या पोरांची एसटी माणगावला थांबतेच. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते, दुसरं महायुद्ध, इटली, १० जुलै १९४४. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे एक तर मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले, आधी ग्रेनेड टाकून ती गन बंद केली, मग एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायलाही वेळ नव्हता तर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना पाडलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. थडगं नाही, इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावला पुतळा आहे.

आणि मग हात वर होतो, दरवर्षी होतो. "बाई, पण ते तर इंग्रजांकडून लढले ना?"

या प्रश्नाला घाबरून विषय बदलू नका, या प्रश्नासाठीच तर सगळी मेहनत आहे. मी सरळ सांगते की हो, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, सैन्यही त्यांचं, आणि कोकणातल्या कोरडवाहू घरातून पोरगा भरती व्हायचा त्यात पगार, घरची गरज, मराठ्यांच्या पलटणीचा अभिमान असं सगळंच असायचं. समोर होती हिटलरची फौज. राज्य कुणाचं होतं हा एक प्रश्न आणि त्या दिवशी त्या माणसाने आपल्या तुकडीसाठी काय केलं हा दुसरा. दोन्ही वहीत लिहा, उत्तर वेगवेगळं आलं तरी चालेल. आठवीच्या पोरांना हे झेपतं, आपल्यालाच उगीच वाटत असतं की नाही झेपणार.

पाचवी-सहावीला लढाई कमी आणि माणूस जास्त सांगा. सियाचीनला थंडीत काय होतं, आपले जवान १९८४ पासून तिथे आहेत आणि बरेचसे जीव गोळीने नाही तर बर्फाने, हवेने घेतलेत, हे त्यांना पटकन कळतं कारण फ्रिजरमध्ये हात घालून बघता येतो (मी खरंच शिक्षक खोलीतल्या फ्रिजमधला बर्फ आणला होता, एका मिनिटात सगळ्यांनी हात काढले). नववी-दहावीला आयएनएस खुकरी ही आपल्या नौदलाची युद्धनौका घ्या. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ टॉर्पेडो लागून बोट बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. खाडीकिनारी वाढलेल्या आपल्या पोरांना पाण्यातलं मरण वेगळं सांगावं लागत नाही.

जवळच्या काळातलं उदाहरण घेणार असाल तर मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे आहेत, ठाणे जिल्ह्यातलेच, ७ ऑगस्ट २०१८ ला काश्मीरमधल्या गुरेझमध्ये घुसखोरांशी लढताना गेले. पण त्यांचं नाव घेताना त्याच चकमकीत गेलेल्या मनदीपसिंग रावत, हमीरसिंग आणि विक्रमजीतसिंग यांचंही नाव घ्या. आपल्याकडच्या बॅनरवर आपलाच माणूस असतो ते ठीक आहे, वर्गात मात्र चौघं पाहिजेत.

आणि सगळेच गेलेले नकोत. रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या इंजिनिअर तुकडीचे, एप्रिल १९४८ ला नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून देत राहिले, जखमी होऊनही थांबले नाहीत, परमवीर चक्र घेऊन पुढे १९९४ पर्यंत जगले. जिवंत परत आलेल्या माणसाला मान द्यायला पोरांना शिकवलं नाही तर ती मानासाठी मरणाचीच वाट बघतात.

आकड्याचं एक सांगते. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले. आकडा फळ्यावर लिहून काही होत नाही. माझ्या वर्गात ४८ पोरं, म्हणून त्यांना भागाकार करायला लावला: असे अकरा वर्ग. मग वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं करून अकरा दरवाजे मोजायला लावले. परत येताना कुणी बोललं नाही.

चौथा आठवडा: पाहुणे

माजी सैनिक किंवा वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता यांना बोलवायचं असेल तर प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, ठाण्यालाही आहे, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन महिनाभर आधी जा. त्याआधी पालकांमध्ये विचारा, बहुतेक वेळा वर्गातच आजोबा सापडतात.

माझा अनुभव असा की स्टेज, माईक, हार नको. वर्गात खुर्ची, चहा, समोर पोरं खाली बसलेली. चाळीस मिनिटं बास. प्रश्न आधी लिहून घ्यायचे आणि आपण वाचायचे, कारण "तुम्ही किती जणांना मारलं?" हा प्रश्न येणारच. येऊ दे, पण पाहुण्यांसमोर नाही, आदल्या दिवशी वर्गात येऊ दे आणि तिथेच बोला की हा प्रश्न ऐकून त्या माणसाला काय आठवेल. एकदा एका सुभेदार आजोबांना माझ्या नजरचुकीने हा प्रश्न गेलाच. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बाळा, माझ्याबरोबरचे जे परत नाही आले ते मी मोजतो." मला पुढे काही सुचेना, पोरांनीच पाणी आणून दिलं.

चांगले प्रश्न साधे असतात. पहिल्या पगाराचं काय केलंत? तिकडे भाकरी मिळायची का? घरून पत्र यायला किती दिवस लागायचे? सुट्टीवरून परत जाताना एसटी स्टँडवर सोडायला कोण यायचं? या शेवटच्या प्रश्नावर मी भले भले फौजी डोळे पुसताना बघितलेत.

घरचा माणूस गमावलेले कुटुंब असेल तर नियम जास्त कडक. शेवटचा फोन, शेवटचा दिवस, पार्थिव आलं तेव्हा, यातलं काहीही आपण विचारायचं नाही. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं. सरकारकडून काय मिळालं हे तर अजिबात नाही, आणि हे पोरांपेक्षा शिक्षकांना जास्त सांगावं लागतं. मोबाईलवर शूटिंग नको, एक फोटो, तोही विचारून. रडकं गाणं लावू नका. त्यांना विचारा की तो लहानपणी कसा होता, कुठल्या खोड्या करायचा, काय आवडायचं. आणि काही द्यायचंच असेल तर त्यावरचं नाव त्यांच्याकडून स्वतःच्या अक्षरात लिहून घ्या, मग छापायला द्या.

सहल जमली तर चांगलं, नाही तर नाही. डोंबिवलीत कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचं स्मारक आहे, ट्रेनने अर्ध्या दिवसात होतं. मस्जिद बंदर स्टेशनजवळ खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर भारतीय खलाशांचं स्मारक आहे, वाशीहून हार्बर लाइनने थेट, पण आधी परवानगी विचारून मगच पोरं न्या. जिथे जाल तिथे एक फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन जा, स्मारकाचा कठडा पुसायला. सेल्फीपेक्षा ते पोरांच्या जास्त लक्षात राहतं.

पाचवा आठवडा: शांत उभं राहण्याची प्रॅक्टिस

हे ऐकून सहकारी हसतात, पण दोन मिनिटं मौन ही शिकवायचीच गोष्ट आहे. सरावाशिवाय उभं केलं तर तिसाव्या सेकंदाला कुणीतरी शिंकतं, मग सगळी रांग हसते, मग सर ओरडतात आणि संपलं. सोमवारी वीस सेकंद, मंगळवारी चाळीस, असं वाढवत न्या. आणि डोकं रिकामं ठेवू नका, प्रत्येकाने स्वतःच्या चिठ्ठीवरचं नाव मनात म्हणायचं, गाव म्हणायचं, परत नाव. हसू आलं तर मान खाली. बस.

२६ जुलैचा आमचा कार्यक्रम आता वीस मिनिटांचा असतो, परिपाठातच. राष्ट्रगीत, मग एकेक मूल पुढे येऊन एकच वाक्य वाचतं: नाव, पद, गाव, वर्ष. विशेषण नाही, 'थोर' नाही, 'अमर रहे' नाही. सगळ्यांची वाचून झाली की दोन मिनिटं मौन आणि तास सुरू. पाहुण्यांचं भाषण नाही, आणि शत्रूराष्ट्राच्या नावाने घोषणा नाहीत, त्यावरून एका पालकांशी माझं वाजलंही होतं. नाच हवाच असेल तर गॅदरिंगला करा, कोण अडवतंय.

झेंड्याबद्दल पोरं हमखास विचारतात की पेटीवरचा तिरंगा नंतर कुठे जातो. तो केशरी पट्टा डोक्याकडे येईल असा घालतात, आणि चितेत किंवा कबरीत जाऊ देत नाहीत, आधी काढून घेतात.

२७ जुलैनंतर

इथेच बहुतेकांचं सुटतं. आमच्याकडे एक जाड रजिस्टर आहे, त्याला पोरं 'नावांची वही' म्हणतात. दरवर्षीची नावं त्यात सुवाच्य अक्षरात उतरवायची, चूक सापडली तर खोडायची नाही, शेजारी दुरुस्ती आणि तारीख. आठवीची पोरं जाताना ती सातवीच्या हातात देतात. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून पाळतात, लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा तो छोटा झेंडा, तिन्ही दलांचे तीन रंग. निधी जमा करताना डबा फिरवण्याआधी वही उघडून पाच नावं वाचायची, मग डबा. ध्वजनिधीची पावती फळ्याशेजारी लावायची म्हणजे पोरांना कळतं पैसे गेले कुठे.

ते चुकलेल्या नावाचं सन्मानचिन्ह आम्ही दुसऱ्या वर्षी नवीन करून घरी नेऊन दिलं, मी आणि दोन मुली. माऊलींनी चष्मा लावून अक्षर-अक्षर वाचलं, बरोबर आहे म्हणाल्या, आणि जुनंही परत दिलं नाही, दोन्ही कपाटावर शेजारी-शेजारी ठेवली. वहीतलं पहिलं नाव त्याच मुलाचं आहे, त्यांनी स्वतः लिहिलेलं.